गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: रेडिएटर उतरवण्याआधी हे तपासा

सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं सुतासारखी चालते. मग गर्दीत अडकली की तापमानाचा काटा वर सरकतो, आयडलिंग डळमळतं, गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. बॉनेट उघडं टाकून पाऊण तास बसलात की जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा चालू!

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारं यंत्र) असलेल्या गाड्यांचा हा जुना आजार आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत तो तीनदा झाला आणि तिन्ही वेळा कारण निराळं निघालं: एकदा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला विजेचा छोटा भाग), एकदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण, एकदा घसरलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पहिल्या खेपेला मी रेडिएटर उतरवून साफ करून आणला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवा घातला, सगळे होज बदलले. तिसऱ्या दिवशी त्याच चढावर गाडी पुन्हा उभी. दोष होता अंगठ्याएवढ्या कंडेन्सरचा. त्यानंतर मित्रांच्या गाड्यांत हेच इतक्यांदा निस्तरलं की आता तपासण्याचा क्रम हातात बसला आहे. तोच इथे देतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. तापणं आणि करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) जाणं ही दोन वेगळी दुखणी समजू नका. टायमिंग मागे पडलं की इंजिन तापतं आणि इंजिन तापलं की कॉइल (बॅटरीचे व्होल्ट वाढवून ठिणगी देणारी गुंडाळी), कंडेन्सर दगा देतात. कुणी कुणाला बिघडवलं हे ठरेपर्यंत पाना हातात घेऊ नये. दुसरं म्हणजे हा बिघाड गरम असतानाच दिसतो. गाडी टो करून गॅरेजात पोचेपर्यंत गार झालेली असते, तिथे मोजमापं चोख येतात, आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो की काही सापडलं नाही.

लक्षणं: गाडी नेमकी कधी रुसते?

गर्दीत किंवा उभ्या गाडीत काटा चढतो, पण मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो: वारा कमी पडतोय. फॅन, बेल्ट, रेडिएटरच्या जाळीवरचा कचरा, फॅनभोवतीचं आवरण.

उलट, गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते: पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. आत चोंदलेला रेडिएटर, आत ओढला जाणारा खालचा होज, मागे पडलेलं टायमिंग, पातळ मिश्रण (हवेच्या मानानं पेट्रोल कमी).

काटा जागेवर, पाणी जागेवर, तरीही गरम झाल्यावर मिसिंग (अधूनमधून ठिणगी चुकणं) आणि मग बंद: बहुतेक वेळा इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा. कंडेन्सर, कॉइल, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या यंत्राच्या) आतला फिरता रोटर आणि अर्थिंगची वायर. बंद पडण्याची तऱ्हाही बोलकी असते. दिव्याचं बटण दाबल्यासारखी खटकन बंद पडली तर करंटकडे बघा, आचके देत, दम कोंडल्यासारखी थांबली तर पेट्रोलकडे. हा नियम दहापैकी दहाही वेळा लागू पडेलच असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

चालताना ठणठणीत, पण पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करायला गेलं की नाही: उष्णता मुरल्याचं लक्षण. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, फॅन थांबतो, आणि लोखंडात साठलेली उष्णता वर कार्ब्युरेटरपर्यंत चढते. तिथलं पेट्रोल उकळतं.

बंद पडल्यावरची पहिली पाच मिनिटं

गाडी बाजूला घ्या. वाफ दिसत असेल तर बॉनेटचा फक्त खटका सोडा आणि लांब उभे राहा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, फडक्यानं धरूनसुद्धा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण फिरलं की दाब जातो, पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. हेड (इंजिनचा वरचा भाग) तडकतं.

वाफ नसेल तर लगेच कामाला लागा, कारण पुरावा गार होत चालला आहे.

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. जोरात "स्सस्" असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही तर आत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. दुखणं बरोबर वीस-पंचवीस मिनिटांनी उगवतं, म्हणून सगळे त्याला गरम होण्याशी जोडतात. मी स्वतः यात एक अख्खा उन्हाळा घालवला. झाकण उघडून लगेच गाडी चालू झाली तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग करंट. टूलकिटमध्ये एक जुना चांगला प्लग आणि मगरीच्या चिमट्याची वायर ठेवा. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी जाड वायर त्या प्लगला लावा, प्लगचं धातूचं अंग चिमट्यानं इंजिनच्या अर्थला जोडा, प्लग कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड, टचटच आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब होणारी असेल तर दोष इग्निशनमध्ये. वायर हातात धरून बघायचा पराक्रम नको, इथे वीस हजारांच्या आसपास व्होल्ट असतात. हृदयाला पेसमेकर असलेल्यानं या कामात पडूच नये. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करायचीच नाही.

ठिणगी सणसणीत असेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरच्या नळीत बघत ॲक्सिलरेटरची दांडी हातानं ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे. काहीच आलं नाही तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल साठवणारा कप्पा) कोरडं आहे. एसयू प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये अशी पिचकारी मुळात नसते. तिथे चेंबरचं झाकण काढून पातळी बघावी लागते, आणि ते गरम मॅनिफोल्डच्या शेजारी करण्यापेक्षा दहा मिनिटं थांबून केलेलं बरं.

जे दिसलं ते लिहून ठेवा. काटा कुठे, ठिणगी कशी, पेट्रोल होतं की नव्हतं. गार झाल्यावर ही माहिती पुन्हा मिळत नाही.

फुकटातल्या तपासण्या

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्याची पातळी आतल्या नळ्यांच्या वर हवी. कमी असेल तर भरा आणि आठवड्याभरानं पुन्हा बघा. पुन्हा कमी झाली तर ते पाणी कुठेतरी जातंय, आणि "कुठे" हे शोधणं भरत राहण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

फक्त कूलंट ओतलं की जास्त गार राहतं, असा एक समज आहे. उलटं आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटमधल्या ग्लायकोलपेक्षा सरस असतं. ग्लायकोल उत्कलनबिंदू वाढवतं, गोठू देत नाही, आणि त्यातली रसायनं गंज थांबवतात. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण सगळ्यांत सोयीचं. नळाचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं वापरलं की आत पापुद्रे धरतात. सांडलेलं कूलंट पुसून घ्या, ते गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

झाकणाची रबरी गादी आणि स्प्रिंग बघा. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांना ७ पौंडांचं (दर चौरस इंचाला) झाकण असे, नंतरच्यांना १३-१५ चं. दर पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशानं वाढतो. म्हणजे ७ पौंडांचं झाकण नीट बसलं तर साधं पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. गादी फाटली तर तेच पाणी शंभरला उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. इंजिनात काहीही बिघाड नसतो, बिघडलेलं असतं झाकण. पण जास्त दाबाचं झाकण लावून प्रश्न सोडवू नका. जुना रेडिएटर आणि हीटरची जाळी त्या दाबासाठी बनवलेली नसते.

फॅन बेल्ट: दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबला तर साधारण १२ मि.मी. दबला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो आणि वॉटर पंप हळू फिरतो. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर ताणूनही उपयोग नाही, बदला.

जाळीत किडे, चिखल, सुकी पानं अडकतात. पाण्याची साधी धार इंजिनच्या बाजूनं पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं बाहेर पडेल. प्रेशर वॉशर नको, पातळ पत्रे वाकतात.

इलेक्ट्रिक फॅन नंतर बसवला असेल तर तो हवा कोणत्या दिशेनं ढकलतो ते कागदाचा कपटा धरून बघा. वायरी उलट जोडल्या की फॅन उलटा फिरतो, उभ्या गाडीत थोडंफार काम करतो आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो. हे मी दोन गाड्यांत पाहिलंय, दोन्हींत फॅन "नुकताच बसवला होता".

एक तपासणी कुणी करत नाही: पाच-सात किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिंगजवळ हात न्या. एखादं चाक भाजतंय? ब्रेक चिकटलाय. इंजिन दिवसभर ब्रेक लावलेली गाडी ओढतंय, तापणार नाही तर काय.

काटा खरं बोलतोय का?

काही जुन्या गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो बिघडला की दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवतात. टाकी भरल्यावर पेट्रोलचा काटा खुणेच्याही पुढे जात असेल, तर तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटरनं थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी दाखवतं, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत ८५-९० हे रोजचं, गर्दीत ९५ च्या पुढे जाणं हेही दाबाचं झाकण ठीक असेल तर संकट नव्हे. किती जण नुसत्या काट्याला घाबरून रेडिएटर बदलतात, मोजदाद नाही.

इग्निशन: खरी मेख इथेच

इथे थोडा जास्त वेळ घालवू, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त "तापणाऱ्या" गाड्या इथे बऱ्या झाल्या.

*पॉइंट.* डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन हातानं फिरवा आणि फीलर गेज घाला. बऱ्याच चार सिलिंडरच्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मि.मी. अंतर सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकातून घ्या. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसं अंतर कमी होतं. अंतर कमी झालं की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, म्हणजेच टायमिंग आपोआप मागे जातं. ठिणगी उशिरा पडल्यानं जळणं लांबतं, ज्वाळा सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टच्या वाटेला तापवत बाहेर जातात, आणि ती उष्णता शेवटी पाण्यात उतरते. पॉइंट बदलून काहीशे किलोमीटर झाले आणि गाडी पूर्वीपेक्षा गरम चालायला लागली, तर हे पहिलं बघा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर झिजते. कॅमवर ग्रीसचा अगदी पुसटसा हात द्यायचा. जास्त झालं तर उडून पॉइंटवर जातं, तिथे जळतं आणि करंट अडवतं.

*कंडेन्सर.* पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळावं, हे त्याचं काम. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅराड असते. गार असताना मीटर बरोबर आकडा दाखवतं आणि तापला की आतलं इन्सुलेशन गळतं, म्हणून गार मोजमापाला फारसा अर्थ नाही. खूण अशी: इंजिन गरम आणि मिसिंग चालू असताना पॉइंटमध्ये ठळक पिवळट-निळी ठिणगी दिसते. किंवा पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी जमलेली असते. परीक्षा बदलूनच होते. नवा म्हणजे चांगला, असं धरून चालू नका. माझ्याकडे डबीतून काढलेला कंडेन्सर पहिल्याच तासात गेलाय. चालून सिद्ध झालेला एक जुना कंडेन्सर डिकीत कायम असावा.

*अर्थिंगची बारीक वायर.* पॉइंटच्या पाटीला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी विणलेली वायर. व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीनं ठिणगी लवकर पाडणाऱ्या पडद्यामुळे) पाटी हलते, वायर हजारो वेळा वाकते आणि आवरणाच्या आत तुटते. बाहेरून अखंड दिसते. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, पॉइंट बंद, इग्निशन चालू. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या अर्थला. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. आता पाटी बोटानं हलवा. आकडा नाचला तर दोषी सापडला. मोजून झालं की इग्निशन लगेच बंद करा, का ते पुढे येतं.

*रोटर.* याची गळती दिसत नाही. टोपी काढून कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीनं रोटरच्या मधल्या धातूपासून ३ मि.मी. वर धरा आणि सेल्फ मारायला लावा. तिथे पुन्हापुन्हा जोरात ठिणगी उडी मारत असेल तर करंट रोटरमधून खालच्या दांडीत चालला आहे. चांगल्या रोटरवर अशी सलग उडी पडत नाही. टोपीच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर टोपी बाद, आणि मधला कोळशाचा दांडा दाबून सोडल्यावर परत वर येतो ना तेही बघा.

*कॉइल.* साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण ३ ओहम असतो, बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी करणाऱ्या रोधासोबत) वापरायच्या कॉइलचा १.५ च्या आसपास. हे दोन प्रकार बाहेरून सारखे दिसतात आणि इथेच घोळ होतो. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय थेट १२ व्होल्टवर लावली तर पॉइंट बंद असताना ४ ऐवजी ८ अँपिअर ओढते. गाडी मस्त चालू होते, मालक खूश, आणि अर्ध्या तासात कॉइल भाजते, पॉइंट जळतात. तपासायला सोपं आहे: पॉइंट बंद आणि इग्निशन चालू असताना कॉइलच्या पुरवठ्याच्या टर्मिनलवर १२ व्होल्ट असतील तर मध्ये बॅलास्ट नाही, ६ ते ८ असतील तर आहे. मग दोन्ही वायरी काढून कॉइल मोजा आणि जोडी जमते का बघा.

कॉइल हाताला गरम लागते म्हणून लगेच बदलू नका, ती गरम होतेच. आणि २० अंशांना ३ ओहम दाखवणारी कॉइल ७० अंशांना ३.६ च्या जवळ दाखवेल. तो दोष नाही, तांब्याचा स्वभाव आहे. खरी चाचणी म्हणजे गाडी बंद पडल्यावर दुसरी, गार कॉइल तिथल्या तिथे जोडून बघणं.

इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट नेमके बंद अवस्थेत थांबले असतील तर कॉइलमध्ये जवळपास ४८ वॅट उष्णता सतत तयार होते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं असेल तर तेही असंच जळतं. मॉड्यूल लावलेल्यांनी जुनी पॉइंटची पाटी फेकू नये. रस्त्यात मॉड्यूल गेलं की तीच घरी आणते.

प्लगच्या वायरी अंधारात बघा. इंजिन चालू ठेवून पाण्याचा हलका फवारा मारला की गळणाऱ्या वायरीवर निळ्या रेषा चमकतात. हात, बाही, फॅन यांचं भान ठेवा.

टायमिंग

पॉइंटचं अंतर आधी, टायमिंग नंतर. उलट केलं तर पुन्हा करावं लागतं. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून, व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, पुस्तकातल्या आरपीएमवर खूण जुळवा. मग इंजिनचा वेग वाढवा. खूण हळूहळू पुढे सरकली पाहिजे. जागेवरच राहिली तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकली आहेत. इंजिन बंद करून रोटर बोटानं पिळा, सोडल्यावर तो स्प्रिंगनं परत यायला हवा. रोटरखाली तेलाचे दोन थेंब, एवढ्यानं अनेकदा काम भागतं.

व्हॅक्युमची नळी तोंडानं ओढा आणि जिभेनं बंद करा. पाटी सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत. हवा येत राहिली तर पडदा फाटलाय, आणि रमतगमत चालवताना तुमचं इंजिन कायम मागे पडलेल्या टायमिंगवर चालतंय. गाडी चालते, फक्त जास्त तापते आणि जास्त पिते.

जास्त ॲडव्हान्स देऊन (ठिणगी आणखी लवकर पाडून) गार करायचा मोह आवरा. चढावर दाबल्यावर किणकिण ऐकू आली तर ते नॉकिंग आहे, त्यानं पिस्टन फुटतात.

पेट्रोल उकळतंय का?

पेट्रोलमधले सगळ्यांत हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरला आणखी त्रास देतं. नळी एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर ती लांब घ्या. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड इन्सुलेटरचा तुकडा आणि खालचा उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का बघा. कुणीतरी कधीतरी उघडताना तो "जादा" म्हणून काढून ठेवलेला असतो. पेट्रोलच्या नळीला लाकडी चिमटे लावायचा जुना उपाय मीही करून पाहिला. चिमटे छान दिसतात.

गरम इंजिन चालू करताना चोक नाही, ॲक्सिलरेटरचे फटके नाहीत. पेडल अर्धं ते पूर्ण दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा, म्हणजे साठलेली वाफ बाहेर पडते. फटके मारले तर आधीच ओल्या इंजिनात आणखी पेट्रोल.

पाणी बाहेर काढावं लागेल अशी कामं

थर्मोस्टॅट काढा आणि पाण्याच्या पातेल्यात दोऱ्यानं लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला. "थर्मोस्टॅट काढूनच टाक, गार चालेल" हा सल्ला ऐकू नका. बायपास असलेल्या इंजिनांत तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि गाडी आणखी तापते.

खालचा होज मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीनं वेगात चपटा होतो. उभ्या गाडीत कुणाला तरी रेस करायला सांगा आणि बघा.

इंजिन गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवा. तापमान एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू उतरायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्या आहेत. आधी उलट्या दिशेनं पाणी सोडून धुवा, आणि इंजिन ब्लॉकचा निचऱ्याचा बूचही उघडा. शेवटच्या सिलिंडरभोवती गंजाचा गाळ बसतो, तो रेडिएटर बदलून जात नाही.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब गळत असेल तर आतलं सील गेलंय. भोक बुजवू नका, ते सांगण्यासाठीच आहे. फॅनचं पातं धरून हलवा, खडखड झाली तर बेअरिंगही गेलं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गार इंजिन, झाकण उघडं, चालू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहतात. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन गरम झाल्यावरही. बाहेर कुठेही गळत नसताना पाणी कमी होतं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं. यातलं काहीही असलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेलं किंवा हेडला तडा, आणि ती गाडी चालवायची नाही. चालवत राहिलात तर गॅस्केटच्या कामाचं हेडचं काम होतं. हेड उतरवणं अवघड नसतं. ते सपाट आहे का हे मोजणं, तडा तपासणं आणि योग्य क्रमानं, योग्य ताकदीनं आवळणं यासाठी साधनं आणि हात लागतात.

गळक्या पाण्यावर उपाय म्हणून रेडिएटरमध्ये ओतायची भुकटी अशा वेळी टाकू नका. ती अरुंद वाटा आणखी बुजवते.

पेट्रोल गळताना दिसलं, वायरिंग जळाल्याचा वास आला, डिस्ट्रिब्युटरची दांडी बाजूला हलताना जाणवली (बुश झिजलेत, मग पॉइंटचं अंतर कितीही लावा, टिकत नाही), किंवा इंजिन तापून जाम झालं, तरी थांबा. जाम झालेल्या इंजिनला सेल्फ मारून बघू नका.

गाडी देताना "तापते हो" एवढंच सांगू नका. रस्त्यात लिहिलेला कागद द्या: किती किलोमीटरनंतर, कोणत्या वेगात, काटा कुठे, ठिणगी कशी, पेट्रोल होतं का, काय काय बदलून झालं. आणि शक्य असेल तर त्याला गाडी गरम असताना, बंद पडलेल्या अवस्थेतच बघायला बोलवा. माझ्या गाडीचा कंडेन्सर शेवटी असाच सापडला. मेकॅनिक माझ्या शेजारी बसून त्या चढापर्यंत आला, गाडी बंद पडली, त्यानं खिशातला कंडेन्सर दोन मिनिटांत लावला आणि आम्ही वर गेलो.